तळहाताने वाजवायचं दार

मंगळवार, १२ जानेवारी २०२१. सकाळी दहाला वदादला मंडळातर्फे निरोप. लोकरीचं पांघरूण, प्रशस्तिपत्र आणि केक दिला. केक मधोमध कच्चा होता. जाताना वदाद म्हणाली, चौथ्या मजल्यावरच्या आनसेचं दार बोटांनी वाजवू नका, तळहाताने वाजवा, तिला ऐकू येत नाही, हादरा कळतो. स्कूटरवाल्याला तसं सांगितलं. नवी यादी आजपासून सुरू, चौतीस घरं. मुअल्लिम अनीसनी यादीखाली सही केली. परवापासून कडक संचारबंदी. दुपारी पाऊस. वीज दोनच तास.

हा मजकूर माझ्या वहीतला आहे, एक अक्षरही बदललेलं नाही. शाळेत सिस्टर क्लेमाँस सांगायच्या की दिवस मावळण्याआधी दिवस लिहून काढावा. तेव्हापासून मी लिहिते. माझे यजमान हबीब गेले त्या दिवशीही लिहिलं होतं. पण मला आज सांगायचं आहे ते माझ्याबद्दल नाही, मुअल्लिम अनीस बरबारी यांच्याबद्दल. त्यांच्या नावाने कुठे पाटी लागणार नाही, आणि त्यांना पाट्यांचा तिटकारा होता.

अनीस बैरूतच्या दौरा या भागातल्या एका बिस्किटांच्या कारखान्यात चाळीस वर्षं फोरमन होते. मुअल्लिम हा शब्द आमच्याकडे मास्तरलाही लावतात आणि हाताखाली माणसं तयार करणाऱ्या कारागिरालाही. यादवी युद्धाच्या पंधरा वर्षांत तो कारखाना दोनदा जळला. दोन्ही वेळा मालक सायप्रसला आणि अनीस राखेत. पहिल्या वेळी त्यांनी सगळ्या भट्ट्या तपासल्या, तेव्हा एकच पेटत होती. मालकाने फोनवर विचारलं, आपली अठरा प्रकारची बिस्किटं पुन्हा कधी निघतील? अनीस म्हणाले, अठरा विसरा. एकच बिस्कीट, चहाबरोबरचं साधं, पण रोज. त्या एका बिस्किटावर कारखाना उभा राहिला. दुसऱ्या आगीनंतरही तसाच. शेवटी तो आगीने नाही, मंदीने बंद पडला, आणि एकाहत्तराव्या वर्षी अनीस घरी बसले. त्यांच्या बायकोच्या, जमीलेच्या शब्दांत, "घरी कसले बसले, रोज माझ्या डब्यांची झाकणं मोजतात."

मग २०२०च्या ऑगस्टमध्ये बंदरात स्फोट झाला. त्याबद्दल मी वेगळं लिहीत नाही. आमच्या गेइतावीच्या चढावर एकही काच राहिली नाही एवढंच.

लोक मेले, घरं गेली, आणि त्याबरोबर या भागातल्या लहान लहान संस्थाही कोलमडल्या. कुणाचं छप्पर गेलं, कुणाचे डॉक्टर देश सोडून गेले, कुणाच्या देणगीदारांचे पैसे बँकेत अडकले. त्यातल्या एका मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेने अनीसना पावाची भट्टी दुरुस्त करायला बोलावलं. भट्टी दोन दिवसांत झाली. पण अनीस तिथे सात आठवडे राहिले. शाळेचे अकरा उपक्रम होते, त्यांनी नऊ बंद करायला लावले. वर्ग आणि पाव, दोनच ठेवले. नोव्हेंबरमध्ये शाळा भरली. मग एका दवाखान्याने बोलावलं. तिथल्या अध्यक्षांना आधी दारावरची संगमरवरी पाटी चिकटवून हवी होती. अनीसनी पाटी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "ख्वाजा, पाटीला तर काहीच झालेलं नाही. दवाखाना कुठे गेला ते सांगा." तो दवाखाना डॉक्टरांविना, तीन परिचारिकांवर, फक्त जखमा बांधण्याचं काम करत पुन्हा सुरू झाला.

त्यांची एक पद्धत होती. पहिला आठवडा ते कुणाला काही विचारत नसत. संस्थेत सगळ्यात कमी पगाराचा जो माणूस असेल त्याच्या मागे मागे चालत. आठवडा झाला की समितीला एकच प्रश्न विचारत: उद्या सकाळी तुम्ही आला नाहीत, तर कोण दारात वाट बघत बसेल? ज्या कामासाठी कुणी वाट बघणार नाही ते काम सोडा. पुष्कळ समित्यांना हा प्रश्न जिव्हारी लागे. आमच्या मंडळातल्या बायकांनी तर त्यांचं नाव बिस्कीटवाला ठेवलं होतं.

आमचं मंडळ जीरान, म्हणजे शेजारी. स्थापना १९५८. एकट्या-दुकट्या म्हाताऱ्यांच्या घरी दुपारचं जेवण आणि औषधं पोचवायची, एवढं काम. बत्तीस वर्षं मी चिटणीस. अध्यक्ष मदाम नोएल, संस्थापिकेच्या सूनबाई. आणि डबे पोचवायला वदाद, उत्तरेला अक्कारकडच्या गावातली, एकतीस वर्षं याच चढावर आणि याच जिन्यांवर. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. स्फोटात तिच्या उजव्या दंडात काच गेली, तेव्हापासून एका हाताने डबे उचलायची.

डिसेंबरात आमच्याकडे स्वयंपाकाला तेल नव्हतं. एका परदेशी संस्थेने मदत देऊ केली, पण पंधरा जानेवारीच्या आत नवी यादी आणि नवी व्यवस्था लेखी हवी होती. त्यासाठी आम्ही मुअल्लिम अनीसना बोलावलं, आणि ते माझ्या स्वयंपाकघरात बसले होते, पाय ओला झाला म्हणून मोजा स्टोव्हजवळ वाळत टाकलेला. हातात माझं रजिस्टर. संचारबंदी लागणार होती, त्यांचे गुडघे सुजले होते, आठवडाभर वदादच्या मागे जिने चढणं अवघड होतं. त्यांनी पानं उलटली. एकसष्ट घरं, प्रत्येकाचा मजला, आजार, औषधाची वेळ, शेरा.

"सित लोरीस," ते म्हणाले, सित म्हणजे बाई, "चाळीस वर्षं मी कारखान्याच्या वह्या पाहिल्या. इतकी स्वच्छ वही पाहिली नाही. ही हाताशी असताना चालायला कशाला हवं?"

मला बरं वाटलं. तेही मी त्या दिवशी लिहून ठेवलं आहे.

रजिस्टरवरून यादी झाली. गेलेले, गावी गेलेले, मुलांकडे गेलेले वगळून चौतीस घरं उरली. बेकरीचा स्कूटरवाला एका फेरीत पोचवेल इतकी. संचारबंदीचे परवानेही घरांच्या नावाने निघाले. वदादचा हात आणि वय पाहून तिला मानाने मोकळं करायचं ठरलं. अनीसना ते पसंत नव्हतं, पण त्यांनी यादीखाली सही केली. वदाद समितीसमोर उभी राहून एवढंच म्हणाली, "बरं झालं, जिने मला शिव्या देत होते." मग ती दाराबाबतचं ते वाक्य बोलली आणि बसने गावी गेली.

चौथ्या मजल्यावरची आनसे म्हणजे आमच्या समजुतीत निवृत्त शिक्षिका आनसे सामिया. आनसे म्हणजे अविवाहित बाई, आणि आमच्या यादीत अविवाहित अशा त्या एकट्याच. राहतात चौथ्या मजल्यावर. स्कूटरवाल्याने पहिल्याच दिवशी त्यांचं दार तळहाताने धडाधडा वाजवलं. सामियाबाईंनी मला फोन करून झाडलं, "लोरीस, जेवण पाठवते आहेस की धाड? माझे कान तुझ्यापेक्षा तिखट आहेत." मी हसले. त्या रात्री वहीत लिहिलं की वदादचं आता वय झालं, तिचा गोंधळ होतो.

तीन आठवडे सगळं वेळेवर चाललं. परदेशी संस्थेकडून पहिलं तेल, तांदूळ, मसूर आले. अनीस रोज एकदा फोन करून विचारत, किती डबे गेले आणि किती रिकामे परत आले. आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. गरिबातला गरीबही त्यात काहीतरी घालतो, चिमूटभर ज़ातरचा मसाला, एखादा कांदा. म्हणून अनीस म्हणत की परत आलेल्या डब्यात पाहा, त्या घरात काय उरलंय ते कळतं.

दोन फेब्रुवारीला मंगळवारी सकाळी वदादचा गावाहून फोन आला. पुतण्याच्या फोनवरून. थंडी, बर्फ, शेळी व्यालेली, हे सगळं झालं. मग तिने विचारलं, "आनसे ओल्गाच्या पायाची सूज उतरली का?"

मी विचारलं, कोण ओल्गा?

"अहो सित, ओल्गा नम्मूर. फरीदची बहीण. चौथा मजला, जिन्यापाशी लाकडी फळीचं दार. हळू वाजवत नाही ना तो पोरगा?"

मी फोन तसाच ठेवून रजिस्टर उघडलं. फरीद नम्मूर, चौथा मजला, रक्तदाब. शेरा माझ्याच अक्षरात: ९ सप्टेंबर, कुटुंब मुलाकडे कॅनडाला गेलं, घर बंद.

घर आमच्या रजिस्टरात कर्त्या पुरुषाच्या नावाने असे. सरकारी दप्तरातही तसंच असतं. लग्न झालेली बाई नवऱ्याच्या पानावर, न झालेली बापाच्या, बाप गेला की भावाच्या. ओल्गाला स्वतःचं पान कधी नव्हतंच. मी तिला ओळखत होते, हे लिहायलाच हवं. नन्सच्या शाळेत ती माझ्यापेक्षा तीन वर्ग मागे होती, कानाला कापसाचा बोळा लावून बसायची. फरीद गेला तेव्हा मी धरून चालले की तिलाही नेलं. तिची कागदपत्रं आली नव्हती म्हणून तिला मागे ठेवलं होतं, एक महिन्यासाठी. वदाद रजिस्टर वाचत नव्हती. घर बंद असा शेरा मारल्यावरही ती चार महिने रोज त्या दारात एक डबा ठेवत होती. स्वयंपाकीणबाईला हे ठाऊक होतं. तिलाही कुणी विचारलं नव्हतं.

मी अनीसना फोन केला. ते परवान्याचा कागद छातीशी धरून सुजलेल्या गुडघ्यांनी चढ चढून आले. इमारतीत फक्त पहिल्या मजल्यावर एक कुटुंब उरलं होतं. लिफ्ट ऑगस्टपासून बंद. चार मजले आम्ही दोघं थांबत थांबत चढलो. त्यांनी तळहाताने दार वाजवलं. तीनदा. मग खांद्याने ढकललं, फळी आतून बांधलेली तार तुटली.

ती दाराच्या अगदी लगत खुर्चीवर बसलेली होती, अंगात कोट, पायांवर घोंगडी, एक हात फळीला टेकलेला. हादरा कळावा म्हणून. डॉक्टर नंतर म्हणाले, पाच-सहा दिवस झाले असावेत. म्हणजे दोन आठवडे ती तशी बसत होती. स्वयंपाकघरात तांदळाची रिकामी पिशवी घडी घालून ठेवलेली. फोनची लाईन स्फोटापासून मेलेली. खुर्चीशेजारी स्टुलावर आमचा डबा, घासून पुसून. अनीसनी झाकण उघडलं. आत दोन लिंबं होती, बाल्कनीतल्या कुंडीतली, सुकून कडक झालेली.

अनीसनी झाकण परत लावलं आणि जिन्यात जाऊन बसले. मी त्यांच्याजवळ बसले. ते म्हणाले, "मी चाललो नाही."

मी म्हटलं, रजिस्टर माझं होतं.

"रजिस्टर तुमचं होतं. चालायचं काम माझं होतं."

गुरुवारी ओल्गाला पुरलं. संचारबंदीमुळे पाच माणसं. फरीदने कॅनडाहून फोनवर इतका आक्रोश केला की पाद्रीबाबांनी फोन लांब धरला. भिंतीवर चिकटवण्याच्या निधनपत्रिकेतही तिचं नाव आधी भावाच्या नावाखाली छापून आलं होतं. अनीसनी छापखान्यात जाऊन ती परत छापवली. वर फक्त ओल्गा नम्मूर.

समितीची बैठक अकरा फेब्रुवारीला मदाम नोएलकडे भरली. खिडक्यांना अजून प्लास्टिक होतं, वाऱ्याने ते फडफडत होतं. पहिली कॉफी होईपर्यंत कुणी त्या विषयाला हात घातला नाही. मग मदाम नोएलनी मुद्दा मांडला, आणि तो अगदीच चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. चौतीस घरं त्या मदतीवर जेवतात. झालं ते वार्धक्याने झालं असं डॉक्टरच्या दाखल्यावर आहे. महिनाअखेरीच्या अहवालात ते लिहिलं तर मदत थांबेल. एकीसाठी चौतीस जणांना उपाशी ठेवायचं का? दोघी-तिघींनी माना डोलावल्या. एकजण म्हणाली की कारखान्यात एखादं बिस्कीट जळलं तर भट्टी विझवत नाहीत.

ती अनीसना टोमणा मारत होती. ते शांतपणे म्हणाले, "नाही विझवत, मदाम. पण भट्टीचं दार उघडून बघतात, आणखी किती जळताहेत ते."

त्यांनी मला रजिस्टर वाचायला सांगितलं. मी उभी राहून वाचलं, फरीद नम्मूर, चौथा मजला, घर बंद. मग ते म्हणाले की वगळलेली सत्तावीस घरंही याच रजिस्टरावरून वगळली आहेत. त्या प्रत्येक दाराशी कुणीतरी जाऊन आल्याशिवाय आपल्याला चौतीस हा आकडा म्हणायचा अधिकार नाही. आणि चालायचं तर का चालतोय हे अहवालात लिहावं लागेल, कारण ती परदेशी संस्था पुढच्या मंडळाकडूनही अशीच यादी मागणार, आणि तिथेही हीच चूक होणार.

"आणि मदत थांबली तर?" मदाम नोएलनी विचारलं.

"तर एकच बिस्कीट," अनीस म्हणाले. "लहान. पण सगळ्यांना."

मतदान झालं नाही. आमच्याकडे मतदान होत नाही, कुणीतरी उठून कपबशा गोळा करतं आणि बैठक संपते. अनीसनी अहवाल स्वतःच्या नावाने लिहिला. मी तो सुवाच्य अक्षरात उतरवून दिला, आणि रजिस्टरबद्दलचं वाक्य माझं मी घातलं. मार्चमध्ये परदेशी संस्थेचं फार सभ्य भाषेतलं पत्र आलं. तेल आणि तांदूळ बंद झाले. मदाम नोएलनी राजीनामा दिला. अनीसना त्यानंतर कुठल्याही संस्थेने बोलावलं नाही. अशा गोष्टी आमच्या भागात पत्राविनाच पसरतात.

वदादला परत बोलवायला ते स्वतः टॅक्सीने अक्कारला गेले. ती म्हणे अंगणात शेळीला चारा घालत होती. त्यांना पाहून म्हणाली, "मुअल्लिम, प्रशस्तिपत्र परत घ्यायला आलात काय? ते मी खिडकीच्या फुटक्या काचेला लावलंय." तिला ओल्गाचं कळलं होतं. गाडीत ती भिंतीकडे तोंड केल्यासारखी बसली होती, असं ते म्हणाले.

मग नऊ दिवस ते तिच्या मागे चालले. जे आधी करायचं होतं ते. काठी घेऊन, प्रत्येक मजल्यावर थांबत. मी वही घेऊन त्यांच्या मागे. दार कोण उघडतं त्याचं नाव लिहायचं, हा नियम. घर कुणाचं ते विचारायचं नाही. सत्तावीस बंद घरांपैकी चोवीस खरंच बंद होती. एकात अंथरुणाला खिळलेली एक भावजय होती, तिला वरच्या मजल्यावरची शेजारीण जमेल तेव्हा पाव देत होती. एकात मालक निघून गेल्यावर मागे राहिलेली इथिओपियाची मोलकरीण, पासपोर्ट मालकाच्या खिशात. तिचं नाव ट्सेहाय. ती कुठल्याच दप्तरात नव्हती. आणि तिसरं घर ओल्गाचं. नव्या यादीत छत्तीस नावं झाली. त्यांतली एकोणतीस बायकांची आहेत. जुन्या रजिस्टरात बायकांच्या नावावर चार घरं होती.

तांदूळ संपला तेव्हा आम्ही मसुरीवर आलो. रोज मुजद्दरा, मसूर आणि थोडा भात, वर तळलेला कांदा, कांदा महागला तेव्हा तोही नाही. ट्सेहाय स्वयंपाकाला येऊ लागली. डब्यात जेवण अर्धं झालं, पण कुणाचा दिवस चुकला नाही. अनीस आठवड्यातून तीन दिवस खालच्या गल्लीतले डबे पोचवत, जिथे जिने कमी होते तिथे. जमीला मला म्हणाली, "सांगा त्यांना काहीतरी. झोपेत तळहात भिंतीवर मारतात."

जूनमध्ये औषधं नाहीशी झाली. अनीसच्या छातीच्या गोळ्या गेइतावीत नव्हत्या, अश्रफियात नव्हत्या, दौऱ्यात नव्हत्या. हबीब औषधाच्या दुकानात होते, त्यांच्या जुन्या ओळखीतून मी एक पट्टी मिळवली, दहा गोळ्यांची. त्यातल्या पाच त्यांनी आमच्या यादीतल्या एका बाईला दिल्या. हे मला नंतर वदादकडून कळलं. मला आधी कळलं असतं तर मी भांडले असते. चौदा जुलैला दुपारी ते दुसऱ्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले, डबा मांडीवर. वदादला म्हणाले, तू पुढे जाऊन ये, मी इथे आहे. ती वरून परत आली तेव्हा ते तसेच बसलेले होते.

पंधराला पुरलं. सांत्वनाच्या तीन दिवसांच्या भेटींत कडू कॉफी पुरली नाही, इतकी माणसं आली. मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेची मुलं आली, हातांनी बोलत होती. दवाखान्याच्या तिघी परिचारिका आल्या. समित्यांमधलं कुणी फारसं आलं नाही. मदाम नोएल आल्या, काळ्या कपड्यांत, जमीलेचा हात धरून बसल्या आणि उठताना माझ्या कानाशी म्हणाल्या, "लोरीस, उद्या डबे जाणार आहेत ना?" मी म्हटलं, जाणार. त्या म्हणाल्या की त्यांच्याकडे मसुरीचं एक पोतं पडून आहे, ड्रायव्हरबरोबर पाठवतील. पोतं संध्याकाळी आलं.

त्या दिवशीची वही समोर आहे. गुरुवार, १५ जुलै २०२१. अनीस बरबारींना पुरलं. ऊन फार. त्यांच्या वाट्याच्या खालच्या गल्लीतल्या सात दारांना उद्यापासून मी. वीज एक तास. मसूर निवडून भिजत घातली, खडे बरेच निघाले.